जमिनीवरची काठी

आंबेगाव तालुक्यात थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरली की बैलगाडा शर्यतीच्या घाटात सगळ्यांचे डोळे बैलांवर असतात. पण पुढे घोडी धरलेली असेल, तर बारीची, म्हणजे गाड्याच्या एका धावेची, भिस्त तिच्यावर असते. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात स्वारासह घोडी पुढे पळते आणि बैल तिच्यामागे झेपावतात. ती बिचकली की बारी बिघडलीच. म्हणून घोडीची पारख नुसत्या वेगावर करणं मला अपुरं वाटतं. स्वाराची मांड जरा हलली, लगाम बोटभर सैलावला, एवढ्यावर तिला त्याचं म्हणणं कळतं का, हे पाहायला हवं. ही समज रिकाम्या वावरात, जमिनीवर आडव्या मांडलेल्या चार वाशांवरून चालताना तयार होते. मोठ्या घोड्याला कदम चालीत दोन वाशांमध्ये पावणेतीन फूट आणि दुडकीत सव्वाचार फूट अंतर साधारण पुरतं. भीमथडी तट्टासारख्या बुटक्या जनावराला त्याहून कमी. पहिल्या फेरीत खूर वाशावर खट्‌कन आपटतो. मग मान खाली येते, कान पुढे होतात, गुडघे नेहमीपेक्षा जास्त दुमडतात. पाय कुठे टाकायचा ते घोडी ठरवते, चाल किती ठेवायची ते स्वार. घाई केली की अडखळायला होतं, त्यामुळे ती आपणहून स्वाराच्या इशाऱ्याची वाट पाहू लागते. शिंगराला दोरीवर फिरवताना एकच वासा पुरे. कामाच्या घोडीसाठी वासे पंख्यासारखे मांडावेत, अंतरं बदलत राहावीत, नाहीतर ती मांडणीच पाठ करते. म्हाताऱ्या घोडीचे सांधे मोकळे राहायलाही हीच संथ चाल कामी येते.

गाडाशौकीन विचारतील, बारी काही सेकंदांची आणि सरळ चढाची, तिथे वाशांचं काय काम? वेळ इतका थोडा, म्हणूनच तर लगामाशी ओढाताण परवडत नाही. आणि निशाण ओलांडल्यावर गर्दीच्या तोंडाशी घोडी आवरावीच लागते. चाबकालाही ती प्रतिसाद देते, हे खरं. पण चाबूक ‘पळ’ एवढंच सांगतो. ‘थोडं सावकाश, थोडं डावीकडे’ हे त्याला सांगता येत नाही. कायद्याचंच बघा: २०१४ मध्ये थांबलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. पण बैलाला काठी-चाबूक लावायचा नाही, ही अट आहेच. तोच न्याय घोडीला का नको? एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: गोल वासा खुराखाली फिरतो आणि पाय मुरगळतो. तेव्हा चौकोनी लाकूड घ्यावं किंवा दोन्ही बाजूंनी पाचर मारावी, जमीन भुसभुशीत असावी. पाय सुजलेली घोडी तर वाशांजवळ नेऊच नये; तिला आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं.