अपूर्णांकांचं पान

घरीच शिकवायचं ठरलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "बोर्ड कुठलं?" मूल सहा वर्षांचं असेल तर मी तो विषय लवकर संपवते. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून मूल शाळेत कधीच गेलेलं नसेल तर चौकशी वेळेत करावी. बाकी घाई नको.

खरी निवड गणिताची. समोर आलेल्या प्रत्येक पुस्तकात मी आधी अपूर्णांक उघडते. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं की बहुतेक मुलं चतुर्थांश म्हणतात, कारण चार तीनपेक्षा मोठे. चांगल्या पुस्तकाला हे आधीच ठाऊक असतं. ते मुलाला कागदाच्या सारख्या पट्ट्या दुमडायला लावतं, मग पट्टीचं चित्र काढायला लावतं आणि छेद-अंश नंतर आणतं. सिंगापूरची गणिताची पुस्तकं ज्या क्रमासाठी नावाजली गेली तो हाच: वस्तू, चित्र, चिन्ह.

पुढचं पान त्याहून महत्त्वाचं. भाकरीचे चार तुकडे करून तीन रंगवले, इथवर सगळी पुस्तकं येतात. पण पाच छेद चार? चार तुकड्यांतले पाच कसे घ्यायचे, इथे मूल अडतं. संख्यारेषेवर एकच्या पुढे जाऊन तो बिंदू दाखवणारं पुस्तक मी ठेवून घेते. आपल्याकडे आणखी एक आधार आहे. जुन्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. मंडईत सव्वा किलो कांदे तोलून घेणाऱ्या मुलाला पाच पाव हातात लागलेले असतात. ती मोजमापं अभ्यासक्रमात हक्काने घ्यावीत. आणि एकदा घेतलेली गणिताची मालिका मध्येच बदलू नये. प्रत्येक मालिकेचा क्रम वेगळा, त्यात काही धडे दोनदा येतात, काही कायमचे सुटतात.

भाषेला मी संच घेऊ देत नाही. रोज मोठ्याने वाचून दाखवावं, मराठीतून, मूल स्वतः वाचू लागल्यावरही. परिसर अभ्यासाला बालभारतीची पुस्तकं पुरतात आणि ती संकेतस्थळावर मोफत मिळतात.

महागड्या साहित्याच्या पेट्यांविषयी माझं मत कडक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना बिया, शिंपले, पानं, खडे घेऊन शिकवलं. माँटेसोरीचा विचार त्यांनी तिथल्या मातीत रुजवला, तो परवडणारा करून. चिंचोक्यांनी दशक-एकक उत्तम शिकवता येतं.

एक गोष्ट पालक सांगायची टाळतात: शिकवणाऱ्याचा वेळ. दोघं नोकरी करत असतील तर रोज दोन तासांची पूर्वतयारी मागणारा अभ्यासक्रम कितीही सुंदर असो, तो घेऊ नये. संपूर्ण संच विकत घेण्याआधी एकच प्रकरण मागवा, मुलाबरोबर शेवटपर्यंत करा आणि मग त्याला पुस्तक मिटून तेच तुम्हाला शिकवायला सांगा. ते कुठे अडखळतं, पुस्तकाने तिथे काय केलं होतं, हे शेजारी लिहून ठेवा. दोन मालिकांच्या अशा टिपणांवरून निर्णय होतो.