चार दारं आणि नव्वद किलोमीटर

जुन्या पद्मिनीची दारं शिवायला जळगावहून धुळ्याला! वीकएण्डचा हा प्लॅन जरा हटके आहे, पण वाचून तर बघा...

वीकएण्डला कुठे जायचं, याची तुमची लिस्ट मला तोंडपाठ आहे. लोणावळा, अलिबाग, माथेरान. चार सुट्ट्या जोडून आल्या तर गोवा. या लिस्टमध्ये जळगाव नसतं आणि धुळे तर नसतंच नसतं. आपल्याकडे खान्देशात माणूस जातो तो कुणाच्या तरी लग्नाला, नाहीतर अजिंठ्याची लेणी बघायला उतरतो तेव्हा. मी 2025 च्या डिसेंबरमध्ये गेलो तो एका गाडीची दारं शिवायला. हो, शिवायलाच. गाडीच्या दाराला आतून जे कपडे असतात ना, ते.

गाडी म्हणजे माझ्या मामाची प्रीमियर पद्मिनी. 1991 ची, नंबरप्लेटवर जळगावचा एमएच 19. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, इंजिन 1089 सीसी. आजच्या पोरांना सांगायचं तर, ही तीच गाडी जी मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात टॅक्सी म्हणून धावायची. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 या इटालियन गाडीवरून ती बनायची आणि 1974 पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर रिटायर झाली. त्या दिवशी मामाने मला फोन करून सांगितलं होतं, "मुंबईची संपली रे. मनी चालू शे."

मामीचा व्हेटो

चालू होती, पण फार दिवस चालेल असं दिसत नव्हतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं आणि मग दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं. मामाची गाडी 2006, 2011, 2016 आणि 2021 या चारही परीक्षा पास झाली. पुढची 2026 मध्ये. मधल्या काळात फीसुद्धा कुठच्या कुठे गेली. 2022 च्या एप्रिलमध्ये ती 600 रुपयांवरून 5 हजार झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या कारसाठी थेट 10 हजार. पुण्यात आयटीत असलेल्या मामेभावाचं म्हणणं सरळ होतं, "पप्पा, आता स्क्रॅपला द्या."

मामा इंजिनावर बोलत राहिला, मामेभाऊ आकड्यांवर. निर्णय मात्र मामीच्या हातात होता, कारण घरातली एफडी तिच्या नावावर आहे. आणि मामीचं भांडण इंजिनाशी नव्हतंच. तिचं भांडण होतं डाव्या दाराशी. पावसाने फुगलेलं दाराचं पॅनेल खालून सुटलं होतं, रेक्झिन फाटलं होतं आणि आतली लोखंडी क्लिप बाहेर आली होती. एका लग्नाला जाताना तिच्या पैठणीचा पदर त्या क्लिपमध्ये अडकला आणि टर्रकन फाटला. त्यानंतर दोन वर्षं ती त्या गाडीत बसली नव्हती. "तुमनी गाडीमा मी बसाव नही," एवढंच वाक्य. ज्या गाडीत बायको बसत नाही, तिच्यासाठी 10 हजार कशाला भरायचे, हा प्रश्न मग मामालाही टाळता येईना.

थोडक्यात, पद्मिनीचं आयुष्य चार पुठ्ठ्यांवर येऊन ठेपलं होतं.

दाराच्या आत काय दडलंय?

'डोअर पॅनेल' हा शब्द मोठा वाटतो, पण जुन्या गाडीत तो म्हणजे हार्डबोर्डचा एक पातळ तुकडा. त्यावर फोमचा थर, त्यावर रेक्झिन. मागच्या बाजूने स्प्रिंगच्या क्लिपा, त्या दाराच्या पत्र्यातल्या भोकांत टक् टक् करून बसतात. समोरून काच खालीवर करायचं हँडल, दार उघडायचं हँडल आणि हात टेकवायची गादी. बस्स.

मग ते खराब का होतं? खरं कारण मला जळगावात कळलं. अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजमध्ये आम्ही चारही पॅनेल उतरवली. आधी हँडलमागची चकती दाबून लॉक काढायचं, मग स्क्रू, मग चपटी पट्टी आत सरकवून एकेक क्लिप सोडवायची. घाई केली की हार्डबोर्ड क्लिपपाशी तुटलाच म्हणून समजा. गॅरेजवाला भाऊ म्हणाला, "पाणी दारात येणारच. काचेला लागून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. पण इथली काळी माती त्या भोकांत बसते ना!" भोकं बुजली की पाणी दारातच साचतं. पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा कागद असतो, तो फाटलेला असेल तर सगळी ओल हार्डबोर्ड पितो, फुगतो आणि वाकतो. वर जळगावचं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. बंद गाडीत तर विचारूच नका. गोंद सुटतो, रेक्झिन आकसतं. खालून पाणी, वरून आग. पॅनेल बिचारं किती दिवस टिकणार?

एक गोष्ट मात्र भारी सापडली. गाडीचं इंटिरियर फिकट तपकिरी आहे, असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो. हँडलमागची चकती निघाली आणि तिच्याखाली एक गोल ठिपका दिसला, गडद मरून रंगाचा. जिथे ऊन पोचलं नाही, तिथे 1991 चा रंग जसाच्या तसा होता. मामा बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिला.

रंगाचा प्रश्न तिथेच सुटला. तो ठिपका कापून खिशात टाकला आणि जळगावच्या बाजारात दुकान-दुकान फिरून त्याच्याशी जुळणारं रेक्झिन घेतलं. सोबत हार्डबोर्ड आणि फोम.

उघड्या दारांनी हायवेवर

जळगावात सीट कव्हरची दुकानं भरपूर, पण सगळा माल रेडीमेड. पद्मिनीचं नाव काढलं की पोरं हसायची. शेवटी गॅरेजवाल्यानेच सांगितलं की धुळ्यात एक चाचा आहेत, काळी-पिवळी जीपच्या सीटा आणि हूड शिवून म्हातारे झालेत, ते करतील. मग काय, निघालो. पॅनेल डिकीत, दारं आतून उघडीबोडकी.

तुम्ही कधी पॅनेल नसलेल्या गाडीत बसलायत? बाहेरचा प्रत्येक आवाज दारातून थेट कानात येतो. ट्रकचा हॉर्न वाजला की पत्रा थरथरतो. काच वर करताना आतले दाते आणि पट्टी हलताना दिसतात. जळगाव ते धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर, पूर्वीचा नॅशनल हायवे 6, आता नंबर 53. रस्ता चौपदरी झालाय, पण आम्ही आपले 50 च्या स्पीडने. दोन्ही बाजूंना कापूस, केळी, मधेच हरभरा. एरंडोलपाशी पद्मालयाचा फाटा लागतो. तिथलं गणपतीचं देऊळ आणि कमळांचं तळं वेळ असेल तर चुकवू नका. पुढे पारोळा, मामाचं गाव, भर बाजाराला लागून भुईकोट किल्ला. मामा त्या किल्ल्याच्या भिंतीवर अभ्यास करायचा म्हणे.

डिसेंबर म्हणजे भरिताचा सीझन. काट्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, त्यात मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. ढाब्यावर बसलो तर शेजारच्या टेबलावरचे चार जण उठून आधी गाडी बघून आले आणि मगच जेवायला बसले. "आमनी बी व्हती," त्यातले एक काका म्हणाले. ही गाडी घेऊन निघालात की रस्त्यात प्रत्येकाची एक पद्मिनी असते.

गोंदाला वेळ द्यायचा असतो

धुळे हे रस्त्यांचं गाव. जुन्या नंबरांप्रमाणे हायवे 3, 6 आणि 211 इथे एकत्र येतात. मुंबई-आग्रा, सुरत-कोलकाता आणि सोलापूरकडे जाणारा, असे तिन्ही. त्यामुळे ट्रक आणि जीपच्या कामावर जगणारे कारागीर इथे टिकून राहिले. चाचांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक जाडजूड शिलाई मशीन आणि दारात झोपलेली मांजर. वय सत्तरीपुढे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजव्याचं बाकी. त्यांनी जुनी पॅनेल हातात घेतली आणि पहिलं वाक्य बोलले, "इसको फेकना मत. यही नाप है."

खरंच होतं ते. या गाडीचा कागदावरचा नकाशा कुणाकडे नाही. फुगलेलं, कुजलेलं जुनं पॅनेल हाच एकमेव फर्मा. डाव्या पॅनेलचा खालचा कोपरा तर भुगाच झाला होता. चाचांनी उजवं पॅनेल उलटं ठेवून त्यावरून डाव्याचा कोपरा आखला. मग नव्या बोर्डावर पेन्सिल, करवत, पॉलिश पेपर. क्लिपांची भोकं जुन्यावरून एकेक करून नव्यावर उतरवली. एक भोक सुताभर चुकलं तर क्लिप बसत नाही आणि जोर लावला तर बोर्ड तडकतो. म्हणून रेक्झिन चढवायच्या आधी कोरा बोर्ड दाराला लावून बघितला. चारही दारांना, प्रत्येक क्लिपपाशी. मग बोर्डाच्या मागे आणि कडांना ऑइल पेंटचे दोन हात, ओल लागू नये म्हणून. कंपनीने हे केलं नव्हतं, चाचांनी केलं.

जुन्या पॅनेलवर उभ्या रेषा होत्या, दाबून उठवलेल्या. तसलं मशीन इथे कुठे असणार? चाचांनी फोमसकट रेक्झिनवर शिलाई मारून त्याच रेषा काढल्या. शिलाई सरळ आहे की नाही, हे ते डोळ्याने कमी आणि अंगठ्याने जास्त बघत होते.

मग गोंद. बोर्डाला लावायचा, फोमलाही लावायचा आणि थांबायचं. मी लगेच चिकटवायला पुढे झालो तर त्यांनी हात धरला. "अभी नहीं. उंगली लगाओ, उंगली को नहीं चिपका, तब चिपकाओ." ओला असताना चिकटवला तर आतली वाफ अडकते आणि पहिल्याच उन्हाळ्यात रेक्झिनला फुगे येतात. मधून सुरुवात करून कडांकडे दाबत जायचं. वळणावर त्रिकोणी काप द्यायचे, म्हणजे मागे दुमडताना चुण्या पडत नाहीत. इंचभर कापड मागे ओढून पिना मारायच्या. मे महिन्यात दुपारी ते हे काम घेतच नाहीत. "गोंद हाथ में ही सूख जाता है."

दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी गोंद वाळेपर्यंत मी राजवाडे संशोधन मंडळ बघून आलो. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाची ही संस्था जुनी कागदपत्रं जपते. परत आलो तर चाचा दाराच्या तळाची बुजलेली भोकं तारेने साफ करत बसले होते आणि नवा प्लास्टिकचा कागद चिकटवायला तयार ठेवला होता. त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. दुकान पुढे कोण बघणार, असं विचारलं. मुलगा सुरतेला मोबाइल रिपेअरिंग करतो म्हणाले, आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.

तुमच्याकडेही असेल तर...

गावाकडच्या घरामागे ताडपत्रीखाली एखादी फियाट, अॅम्बॅसेडर किंवा जीप असेल, तर दोनच गोष्टी करा. एक, जुनं पॅनेल कितीही कुजलेलं असो, फेकू नका. फर्मा तोच आहे. दोन, उशीर करू नका. रेक्झिन बाजारात मिळत राहील, अंगठ्याने शिलाई बघणारी माणसं मिळतील याची गॅरंटी नाही. आणि गाडी 50 वर्षांच्या जवळ आली असेल तर आतलं रूप मूळसारखंच ठेवा. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांपुढच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण तिचं मूळ रूप टिकलेलं असावं लागतं. स्पीकरसाठी दारात भोकं पाडायचा मोह तेवढा आवरा.

आम्ही जळगावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मामी बाहेर आली. तिने इंजिनाकडे बघितलं नाही, चकाकणाऱ्या बंपरकडेही नाही. डावं दार उघडलं आणि पॅनेलच्या खालच्या कडेवरून, अगदी क्लिपेच्या जागेवरून, पदराचं टोक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडकतंय का ते बघायला. नाही अडकलं. मग आत बसली, दार ओढून घेतलं आणि काच वर केली.

"रंग तोच शे," ती म्हणाली. मामाकडे न बघता पुढचं वाक्य बोलली, "कितला भरना शेतस? दहा हजार ना? भरी टाका."