घरातला 'त' कुठं गेला?

नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, 'मी राहतो ते घर माळवदाचं आहे.' इंग्रजी करा म्हटलं. बहुतेक वह्यांत एकच उत्तर: 'द हाऊस विच आय लिव्ह.' 'इन' कुणाच्याच वहीत नाही. लाल पेन उघडलं आणि थांबलो. मी दिलेल्या वाक्यात तरी 'घरात'मधला 'त' कुठं होता?

*

मी बसलो ती खुर्ची. आम्ही आलो ती एसटी. पाणी काढतो ती विहीर. खुर्चीवर, एसटीनं, विहिरीतून: सगळे प्रत्यय मराठीनं सहज गिळले, अर्थ मात्र जागचा हलला नाही. 'ज्या खुर्चीवर मी बसलो' असं लांबण लावून घरात कोण बोलतं? इंग्रजीला ही गिळागिळी चालत नाही. पोराची चूक अज्ञानाची नाही, सवयीची आहे.

*

या सवयीचे तोटेही आहेत. 'मी काल बोललो तो माणूस.' त्याच्याशी बोललो की त्याच्याविषयी? आमच्या गल्लीत एवढ्यावरून भांडण पेटेल.

*

सहलीनंतरच्या निबंधात नळदुर्ग हमखास. बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असताना माणूस आत उभा राहू शकतो. एकीनं लिहिलं, 'द डॅम विच फॉल्स.' म्हटलं, "अगं, तुझ्या वाक्यात बंधाराच कोसळला की!" ती म्हणाली, "न्हाई सर, आजून हाय."
हवं होतं 'ओव्हर विच'. आणि महालासाठी 'इन विच'. एकाच बंधाऱ्याला दोन शब्द लागतात.

*

वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले. मराठीत 'ज्या घरात', उर्दूत 'जिस घर में'. दोन्हीकडं प्रत्यय नावाच्या मागं, नवरीमागं करवली उभी असावी तसा. इंग्रजीत करवली पुढं आणि नवरी मागं, हे त्यांना शेवटपर्यंत विचित्र वाटलं.

*

इंग्रज स्वतः बोलताना ते 'इन' सर्रास वाक्याच्या शेपटाला ठेवतात: 'द हाऊस आय लिव्ह इन.' 1672 मध्ये इंग्रज कवी ड्रायडननं नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांना नावं ठेवली. मग 1668 चा आपलाच नाट्यकाव्यावरचा निबंध 1684 मध्ये पुन्हा छापताना त्यानं त्यातली शेपटं छाटली. पुढं शाळामास्तरांनी त्याचा नियम केला. 1926 मध्ये फाउलरनं आपल्या इंग्रजी शब्दवापराच्या कोशात हा नियम म्हणजे अंधश्रद्धा ठरवली. तरी आमच्या पिढीच्या मास्तरांच्या हातून ड्रायडनची कात्री सुटली नाही. माझ्याही नाही.

*

पण आपल्याला 'इन विच' जवळचं वाटतं, ते ड्रायडनमुळं नाही. आपल्या व्याकरणात प्रत्यय काय, 'शब्दयोगी' काय, शब्दाला चिकटूनच येतात. 'घरात'मधला 'त' तोडून शेवटी टाकून बघा: 'घर मी राहतो त.' कानाला सहन होत नाही. गंमत अशी, की इंग्रजांना जे कचेरीतलं वाटतं, तेच आपल्याला घरचं वाटतं.

*

'द कॉलेज इन विच आय स्टडीड इन.' नोकरीच्या अर्जांत हे फार. पुढच्या दाराला कुलूप लावलं, मागच्यालाही लावलं.

*

'इन विच' चालतं, मग 'द हाऊस इन दॅट आय लिव्ह' का नाही? 'दॅट' आपल्या पुढं कुणाला बसू देत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरलेला गडी आहे तो.

*

आता शिकवताना आधी म्हण घेतो: ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथं 'हाती' शाबूत आहे, म्हणून पोरं 'इन हूज हँड' बरोबर लिहितात. मग घराकडं वळतो. आधी लांब मराठी बोला: 'ज्या घरात मी राहतो.' 'त' सापडला की 'इन' सापडतं.

*

ही युक्ती दोनच दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी वहीत आलं: 'द बॉय ऑन हूम आय ॲम अँग्री.' ज्याच्यावर, म्हणून 'ऑन'. युक्ती माझीच, काय बोलणार? 'ज्याची भीती वाटते'चं 'ऑफ' जुळलं, रागाचं 'वर' जुळेना.
"सर, रागाला 'विथ' का?"
भांडायला दोघं लागतात म्हणून, असं ठोकून दिलं. घंटा झाली.