सावलीतले डोळे

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६२८च्या सुमारास, ऐन विशीत, स्वतःचा चेहरा रंगवला आणि डोळेच सावलीत ठेवले. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं हे तैलचित्र ओकच्या फळीवर आहे. उंची जेमतेम २२.६ सेंटिमीटर. उजेड तिरपा येतो आणि मान, कानाची पाळी, गालाचा थोडा भाग, नाकाचा शेंडा एवढंच उजळून थांबतो. कपाळ आणि डोळे तपकिरी अंधारात. केस तर विलक्षण! कुंचल्याच्या दांड्याने ओल्या रंगात ओरखडे ओढून त्याने बटा मोकळ्या केल्या आहेत. डोळे शोधायला आपण पुढे झुकतो. हळूहळू ते दिसू लागतात, आणि कळतं, ते केव्हाचे आपल्याकडेच बघताहेत. व्यक्तिचित्रातलं नाट्य मला इथे सापडतं.

काळ्यावर पांढरा झोत टाकला की नाट्य आलं, असं पुष्कळांना वाटतं. पण ट्यूबमधला काळा थेट चोपडला की चेहऱ्याला भोक पडतं. सावली उबदार हवी, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगाची, खालचं तपकिरी अस्तर जिच्यातून जाणवत राहील अशी. उजेड मात्र जाड लावावा. कपाळाच्या उंचवट्यावर बसलेला पांढऱ्याचा दाट थर खोलीतला खरा उजेडही झेलतो. जाड रंगात तेल अधिक, म्हणून तो वर आणि शेवटी. क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

समोर बसलेल्या माणसाकडे डोळे बारीक करून पाहावं. तपशील विरघळतात, उजेडाचे आणि सावलीचे मोठे आकार तेवढे उरतात. ते नेमके बसले की ओळख पटते. पापण्यांचे केस मोजावे लागत नाहीत. गालावरचा उजेड सावलीत शिरतो ती कड मला सर्वांत प्रिय. घाईचा हात तिथे लगेच उघडा पडतो.

गोव्यात १८७०मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. त्यांनी घरची माणसं समोर बसवून रंगवली. आपल्या चेहऱ्यांना डच रंगमेळ जसाच्या तसा चालत नाही. सावळ्या कांतीच्या छायेत तांबूसपणा टिकवावा लागतो, आणि तिच्यावर चकाकीचा ठिपका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त उठतो. म्हणून पांढरा रंग हात राखून वापरावा. नाकावरचा तो ठिपका मी सगळ्यात शेवटी ठेवतो.