आधी आणि नंतर

‘उपयोजित मराठी’ची अभ्यासपत्रिका आमच्या विभागात कोणालाच मनापासून नको असते. कविता शिकवण्यासाठी आम्ही एम.ए. झालो, सूचनापत्रके आणि माहितीपुस्तिका कशा लिहाव्यात हे सांगण्यासाठी नव्हे, अशी आमची समजूत. ती समजूत गेल्या पावसाळ्यात कुंभार्ली घाटात ढासळली.

चिपळूणचे चर्चासत्र आटोपून आम्ही तिघे सहकारी कराडकडे निघालो होतो. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि एका वळणाच्या अलीकडे डावीकडचे पुढचे चाक पंक्चर झाले. संध्याकाळ होत आलेली, पाऊस रिमझिमता, फोनला रेंज नाही. गाडीत स्टेपनी होती. हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीसाठी जादा चाक तयार केले. ही व्युत्पत्ती आम्ही वर्गात अनेकदा सांगितलेली होती. ती स्टेपनी बसवायची कशी, हे मात्र तिघांपैकी एकालाही नीट ठाऊक नव्हते.

तरीही आम्ही आत्मविश्वासाने कामाला लागलो. चढावरच हँडब्रेक ओढला, ओल्या मातीवर जॅक लावला आणि गाडी उचलली. मग ध्यानात आले की नट अजून घट्टच आहेत. एकाने पान्यावर पाय देऊन जोर केला. त्या हिसक्याने गाडी मागे सरकली, जॅक कलंडला आणि गाडी धाडकन खाली आली. जॅक नीट बसला आहे का, हे चाचपणारा दुसऱ्याचा हात क्षणभरापूर्वीच गाडीखालून बाहेर निघाला होता. बराच वेळ कोणी बोलले नाही.

नंतर आम्ही ते केले, जे शिकवण्याचा पगार घेतो : वाचन. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीबरोबर आलेली पुस्तिका होती. सहा वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. मोबाईलच्या उजेडात एकाने मोठ्याने वाचायचे आणि दोघांनी करायचे, असे ठरले. पुढचे वाक्य मागचे काम पुरे झाल्यावरच.

पहिलेच वाक्य जागेविषयी होते : सपाट आणि टणक. रिम खराब झाली तरी चालेल, म्हणून चालण्याच्या वेगाने गाडी वळणापलीकडच्या रुंद जागेत नेली. चारी दिवे लुकलुकत ठेवले आणि लाल त्रिकोण मागच्या वळणाच्याही अलीकडे नेऊन उभा केला. वळण घेतल्यावर तो दिसून काय उपयोग? हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. जे चाक काढायचे त्याच्या तिरप्या समोरच्या, म्हणजे उजवीकडील मागच्या, चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट डावीकडे अर्धा फेरा सैल केला. जॅकखाली सपाट दगड ठेवला आणि दाराखालच्या पट्टीवर जिथे दोन खाचा असतात तिथेच तो टेकवला. स्टेपनी आधी गाडीखाली आडवी सरकवली : जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर विसावेल. जुने चाक निघाल्यावर त्यांची अदलाबदल केली. शरीराचा कोणताही भाग गाडीखाली न्यायचा नाही, हे वाक्य वाचणाऱ्याने दोनदा वाचले. नवे चाक चढवल्यावर नट निमुळत्या बाजूने, हातानेच बसवले. गाडी खाली घेतली आणि मगच पान्याने, शेजारचा नट सोडून समोरचा, अशा क्रमाने आवळले. हेळवाकला थांबून ते पुन्हा तपासले आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये हवाही पाहून घेतली.

त्या पुस्तिकेत एकही अलंकार नव्हता. क्रियापदे आज्ञार्थी, वाक्ये तोकडी. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांना इतके वजन असलेला मजकूर आम्ही त्यापूर्वी वाचला नव्हता. नट सैल करणे आणि गाडी उचलणे, ही दोन्ही कामे आम्हीही केली होती. चुकला होता तो केवळ क्रम. कवितेतला क्रम बिघडला तर रसहानी होते, असे आम्ही सांगत आलो. इथे बोटे गेली असती.

यंदा ती नकोशी अभ्यासपत्रिका आम्ही तिघांनी मागून घेतली. विद्यार्थ्यांना पहिला स्वाध्याय असतो तो चाक बदलण्याच्या सूचना लिहिण्याचा. शुद्धलेखन आणि शैली यांना गुण आहेतच. पण उत्तर हातात घेतल्यावर आम्ही सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो : हे वाचून काम करणाऱ्याचा हात गाडीखाली राहील का?