चुनीदा, विद्यापीठाचे कप्तान

चुनीदा, जाण्याचा दिवससुद्धा पुरता तुमच्या वाट्याला आला नाही. 30 एप्रिल 2020. सकाळी मुंबईत ऋषी कपूर गेले, संध्याकाळी कोलकात्यात तुम्ही. इकडे मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या देडतलाईत टीव्हीवर दिवसभर त्यांचीच गाणी. चुनी गोस्वामी हे नाव खालच्या पट्टीतून सरकत गेलं, एवढंच. टाळेबंदीत धारणीचा रस्ता ओस पडलेला. तुमचे संघसोबती पी. के. बॅनर्जी मार्चमध्येच गेले होते. जकार्ताच्या आशियाई खेळांतलं फुटबॉलचं 1962 चं सुवर्णपदक असं दीड महिन्यात दोनदा पोरकं झालं.

जकार्ताबद्दल सगळ्यांनी लिहिलं. मोहन बागान कधी सोडलं नाहीत, तेही लिहिलं. मी मात्र अर्ध्या ओळीपाशी अडकलो: कलकत्ता विद्यापीठाच्या फुटबॉल आणि क्रिकेट, दोन्ही संघांचे कर्णधार.

आंतरविद्यापीठ फुटबॉलचा चषक ज्यांच्या नावाचा, ते सर आशुतोष मुखर्जी तुमच्याच विद्यापीठाचे कुलगुरू. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचा अंतिम सामना म्हणजे देशभराचा सण. आपल्याकडे बघायला कोण? राखीव खेळाडू, हॉस्टेलवरची पोरं, घड्याळ बघणारा शिपाई. तरी मला तोच फुटबॉल लोभस वाटतो. पायावर अजून कुणाची मालकी नसते. सामना संपला की सोमवारी पेपर असतो. तुमचे ते दिवस मला जकार्ताहून जवळचे वाटतात, आणि ते गेल्याचं कुणी रडलंच नाही.

इथे उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटल्या की वावर मोकळं होतं. दोन पऱ्हाट्या खोचल्या की गोल तयार. चपला गोलकीपरच्या मागे. बॉल ढेकळावर आपटून भलतीकडेच उडतो, आणि अनवाणी पोरगं त्याला तसाच पायावर झेलतं. त्यातला एखादा बऱ्हाणपूरला शिकायला गेला, की पूर्वी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचा व्हायचा. धारणीला गेला, तर अमरावतीचा. दोन्ही विद्यापीठं पश्चिम विभागातली. म्हणजे एका वावरातली दोन पोरं देशाचा अंतिम सामना गाठायला निघाली, तर आधी एकमेकांनाच आडवी यायची. गेली असती तर, म्हणा.

इंदूर तुम्हाला परकं नव्हतं. डिसेंबर 1966 मध्ये, भारतासाठी फुटबॉल खेळणं थांबवल्यावर, मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघातून सोबर्सच्या वेस्ट इंडीजचे आठ बळी तुम्ही तिथेच घेतलेत. सुब्रत गुहांनी अकरा. पाहुणे डावाने हरले. फुटबॉलवाला पोरगा क्रिकेटमध्ये काय करणार, असं म्हणणाऱ्यांची त्या दिवशी बोलती बंद झाली असणार.

आमच्या वावरात मात्र अजून भांडण मिटलेलं नाही. पऱ्हाटी वाकली, बॉल आतून गेला की बाहेरून? पंच नाही, रेषा नाही. कप्तान म्हणेल तो गोल, आणि कप्तान कोण, तर ज्याचा बॉल तो. कलकत्त्यात तुमच्या लहानपणी काय रीत होती, चुनीदा?