प्रिंटर चालतोय का?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. सोमवारी डेमो, आणि मी हिंजवडीच्या रिकाम्या ऑफिसात एकटा. एसी बंद, कँटीन बंद. काम म्हटलं तर अर्ध्या तासाचं. व्हीपीएन लावून क्लायंटच्या नेटवर्कवरून नवीन बिल्ड उतरवायचा आणि आमच्या टेस्ट सर्व्हरवर टाकायचा. बिल्ड उतरला. सर्व्हर मात्र गायब! पिंग केलं, टाइमआउट. रीस्टार्ट केलं, केबल बदलली, फायरवॉलला शिव्या घातल्या. दीड तास गेला.

मग आठवलं, गुरुवारीच नेटवर्क टीमनं तो सर्व्हर आमच्या मजल्यावरून खालच्या सर्व्हर रूममध्ये हलवला होता. सापडला चोर! लगेच फोन लावला. त्या टीमचे सीनियर, ज्यांना अख्खं ऑफिस दादा म्हणतं, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला बसले होते. मागे लाउडस्पीकर, आणि मी सुरू : "दादा, सर्व्हर हलवता आणि चेकपण करत नाही तुम्ही लोक?"

ते हॉलबाहेर आले. शांतपणे म्हणाले, "प्रिंटर चालतोय का?"

"प्रिंटरचा काय संबंध?"

"बघ तरी."

एक पान पाठवलं. निघालं.

"आता व्हीपीएन बंद करून सर्व्हर पिंग कर."

लगेच रिप्लाय आला. च्यायला!

फोन ठेवल्यावर 'रूट प्रिंट' मारून बघितलं. ०.०.०.० च्या दोन ओळी, आणि कमी मेट्रिकवाली टनेलची. म्हणजे असं, की प्रिंटर माझ्याच सबनेटमध्ये, त्याच्याशी लॅपटॉप थेट बोलतो. (काही व्हीपीएन तर तेवढंही करू देत नाहीत.) सर्व्हरही आधी माझ्याच सबनेटमध्ये होता, म्हणून कधी अडलं नाही. आता त्याचा पत्ता १०.२०.८.१५, म्हणजे दुसरं सबनेट. ते डीफॉल्ट रूटनं जाणार, आणि व्हीपीएन लावला की डीफॉल्ट रूट टनेलमध्ये. दोन मजले खाली असलेल्या मशीनला माझी पॅकेट्स सातासमुद्रापार क्लायंटच्या नेटवर्कमध्ये शोधत होती! मी ऑफिसात होतो, लॅपटॉप नव्हता :)

त्या एका पत्त्यासाठी हातानं रूट टाकायचा मोह झाला. पण फुल टनेल क्लायंटनं मुद्दाम ठेवलाय. एका लॅपटॉपवरून दोन नेटवर्क्स जोडली जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे रीतसर परवानगीची मेल टाकली, आणि तोवर सोपा उपाय : बिल्ड उतरवून झाला की व्हीपीएन बंद, मग सर्व्हर. पाच मिनिटांत काम झालं.

दीड तास मी काय बंद आहे तेच बघत बसलो होतो. दादांनी पहिल्यांदा विचारलं ते काय चालू आहे हे.

सोमवारी डेमो झाला, चांगला झाला. नंतर चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या डेस्कपाशी गेलो, "सॉरी दादा" म्हटलं. "अरे, होतं असं," म्हणाले. सहज विचारलं, मुलीचा डान्स कसा झाला?

"चांगला झाला म्हणे. तुझा फोन आला ना, तेव्हाच होता."

असो. हल्ली फोन लावायच्या आधी मी एक पान प्रिंट करून बघतो.